हिशेब खरेदीच्या दिवसाचा होता

दोन शेळ्या आणि आठ कोंबड्यांना जागा ती किती लागणार, असं म्हणत मी मखमलाबादच्या घरामागं सहा बाय आठचं पत्र्याचं शेड ठोकलं. एका शेळीला छताखाली साधारण १२ चौरस फूट धरतात, म्हणजे दोघींना २४. उरलेल्या कोपऱ्यात कोंबड्या. हिशेब चोख होता, फक्त तो खरेदीच्या दिवसाचा होता.

दोन्ही शेळ्या गाभण आणल्या होत्या. करडं मात्र मी मोजलीच नव्हती. दोघींना जुळी झाली. त्यात थोरली दारातच आडवी बसायची, धाकटीला आत येऊ देईना. आषाढात ती बिचारी दोन करडं पोटाशी घेऊन पत्र्याच्या पागोळीखाली भिजायची. कोंबड्या गव्हाणीच्या कडेवर झोपायच्या आणि सकाळी चारा शिटलेला. शेळ्यांनी तो तोंडात धरला नाही. कोंबड्यांचं खाद्य मात्र थोरलीनं एका दुपारी फस्त केलं आणि पोट फुगवून घेतलं. रात्री डॉक्टरांना बोलवावं लागलं.

ते म्हणाले, "दादा, उभं राहून वास घेऊ नका. शेळीच्या नाकाएवढं खाली बसा." बसलो. डोळ्यांतून पाणी आलं.

मग सगळं पाडलं. शेजारच्या मामांनी द्राक्षबाग मोडली होती, तिचे लोखंडी अँगल मिळाले. या वेळी आधी जमिनीवर चुन्यानं रेषा मारल्या आणि बायकोला त्यात पाटी घेऊन फिरायला लावलं. (शेण-लेंड्या तीच काढते, तिचंच मत महत्त्वाचं.) शेळ्यांना आठ बाय बारा छताखाली, त्याच्या दुप्पट मोकळं आवार, लांबी पूर्व-पश्चिम, खाली उताराचा मुरूम. गव्हाण लांबच लांब, दर तोंडामागं फूट-दीड फूट. कोंबड्यांचं खुराडं वेगळं, बसायला आडवा बांबू आणि अंड्यांसाठी दोन खोकी. बिबट्या फिरतो, म्हणून रात्री सगळी आत. थंडीत पश्चिमेला बारदान टांगतो, पण वरची वीतभर फट उघडीच ठेवतो.

थोरली अजून दारातच आडवी बसते. आता दारं दोन आहेत.