ग्रीस ट्रॅपची नोटीस आणि एका नळीने शिकवलेले मोजमाप

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची व्यवस्था माझ्याकडे आली, तेव्हा ग्रीस ट्रॅपविषयी, म्हणजे सांडपाण्यातील तेल आणि गाळ अडवणाऱ्या टाकीविषयी, मला एवढेच सांगण्यात आले होते की, तो मागच्या बाजूला जमिनीखाली आहे आणि दर तीन महिन्यांनी टँकर येऊन तो उपसून नेतो. पावत्यांची फाइलही व्यवस्थित होती. त्यामुळे सांडपाणी विभागाच्या पाहणीनंतर ‘ट्रॅप प्रमाणाबाहेर भरलेला असून बाहेर जाणाऱ्या पाण्यात तेलकट अंश मर्यादेपेक्षा जास्त आहे’ अशी नोटीस हाती पडली, तेव्हा आपल्यावर अन्याय झाला असेच मला वाटले. कारण शेवटच्या सफाईला जेमतेम सहा आठवडे झाले होते.

मुदत संपण्यापूर्वी मी निरीक्षकांना पुन्हा येण्याची विनंती केली आणि ते आले. त्यांनी एक लांब पारदर्शक नळी झाकणातून सरळ तळापर्यंत सोडली, वरचे तोंड बंद करून ती बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. वर घट्ट पिवळसर थर, मध्ये गढूळ पाणी आणि खाली काळा गाळ, असा टाकीचा उभा छेदच त्या नळीत दिसत होता. पहिल्या कप्प्यातील एकूण खोली ९६ सेंटीमीटर भरली, त्यात वरचा थर २१ सेंटीमीटर आणि तळाचा गाळ १३ सेंटीमीटर होता. म्हणजे दोन्ही मिळून ३४ सेंटीमीटर, एक तृतीयांशाहूनही अधिक. तरंगणारे तेल आणि बसलेला गाळ यांची बेरीज खोलीच्या २५ टक्क्यांवर गेली की ट्रॅप साफ केलाच पाहिजे, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो आणि आमच्या परवान्यातही तोच लिहिलेला होता. मी तो त्याआधी कधी वाचला नव्हता.

हा आकडा मनमानीने ठरवलेला नाही, हे त्या दिवशी समजले. ट्रॅपमध्ये कोणतेही यंत्र नसते. पाण्याचा वेग कमी होतो, त्या अवधीत हलके तेल वर येते आणि जड कण खाली बसतात, एवढ्यावरच सगळे काम चालते. थर आणि गाळ वाढत गेले की मधली पाण्याची जागा आक्रसते, पाणी तेथून घाईने निघून जाते आणि तेलाला वर यायला वेळच मिळत नाही. पुढे सार्वजनिक वाहिनीत ते तेल थंड होऊन चिकटते, त्यातील स्निग्धाम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखा कठीण पदार्थ तयार होतो आणि वाहिनी आतून बुजत जाते. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात असाच सुमारे २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. तो अनेक स्वयंपाकघरांतून थोडा थोडा आलेला होता, हे लक्षात आल्यावर नोटिशीचा राग ओसरला.

पुढच्या सफाईला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा राहिलो. टँकरच्या माणसांनी नेहमीप्रमाणे वरचा थर ओढून घेतला आणि नळी गुंडाळायला घेतली, तेव्हा गाळ तळाशी तसाच का राहतो, याचे उत्तर मला मिळाले. आमची ‘सफाई’ आजवर एवढीच होत आली होती. मी त्यांना सर्व पाणी आणि गाळ उपसायला, भिंती व मधले आडवे पडदे खरवडायला आणि काढलेले पाणी पुन्हा टाकीत न सोडायला सांगितले. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर खरा दोष उघडा पडला. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा जोड असतो आणि त्याची खालची बाजू मधल्या स्वच्छ पाण्यात बुडलेली असते, म्हणजे वरचे तेल पाइपात शिरत नाही. आमच्या टाकीत ती खालची बाजू तुटून पडलेली होती. तेल सरळ पृष्ठभागावरून वाहून जात होते आणि कितीही वेळा उपसले असते तरी पाण्याचा नमुना नापासच ठरला असता.

त्याच वेळी एक मदतनीस तुटलेला तुकडा काढायला आत वाकू लागला आणि मी त्याला मागे ओढले. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो; थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि धोका कळतच नाही. कितीही घाई असली तरी प्रशिक्षण, वायुमापन आणि बचावाची तयारी यांशिवाय कोणालाही टाकीत उतरू देऊ नये, हे मी येथे आग्रहाने लिहितो. तो तुकडा आम्ही लांब आकड्याने काढला आणि जोड बदलण्याचे काम त्यासाठी सज्ज असलेल्या पथकाने केले. त्यानंतर टाकी स्वच्छ पाण्याने भरून मगच सिंक सुरू केले, कारण रिकामा ट्रॅप तेल अडवत नाही.

आता किती दिवसांनी सफाई करायची, हा प्रश्न उरला. मी तशीच एक नळी घेतली आणि दर सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी मोजमाप लिहू लागलो. बेरीज चौथ्या आठवड्यात २० सेंटीमीटर आणि पाचव्यात २५ झाली. आमची मर्यादा २४ होती. म्हणजे तीन महिन्यांचे वेळापत्रक कोणी ठरवले असेल ते असो, आमच्या कामाला ते लागू नव्हते. मी चार आठवड्यांचे अंतर धरले.

मग स्वयंपाकघराकडे वळलो. भांडी धुण्याआधी कोरडी खरवडून घेणे, प्रत्येक सिंकला जाळी बसवणे आणि तळणीचे वापरलेले तेल वेगळ्या पिंपात साठवणे, एवढ्या तीन गोष्टी नेटाने पाळल्यावर २२ सेंटीमीटरचा आकडा सहाव्या आठवड्यात दिसू लागला. एका विक्रेत्याने तेल ‘विरघळवणारे’ द्रव्य सुचवले होते, ते मी नाकारले. अशा द्रव्याने किंवा उकळत्या पाण्याच्या माऱ्याने तेल नाहीसे होत नाही, ते बारीक थेंबांच्या रूपात ट्रॅप ओलांडते आणि पुढे थंड होऊन पुन्हा घट्ट होते.

कागदपत्रांतही बदल करावा लागला. केवळ पैसे दिल्याची पावती पुरेशी नसते. तारीख, उपसलेले प्रमाण, वाहतूकदाराचा परवाना आणि माल कोठे रिकामा केला याची सही, हे सर्व असलेली वाहतूक-नोंद मी प्रत्येक फेरीला मागून घेतो आणि साप्ताहिक मोजमापाची वही तिच्यासोबत ठेवतो.

फेरपाहणीला निरीक्षकांनी आधी नळी सोडली आणि नंतर माझी वही उघडली. दोन्हींत एका सेंटीमीटरचा फरक निघाला. पाण्याचा नमुनाही मर्यादेत आला आणि नोटीस मागे घेण्यात आली. झाकणाचे रबर कडक झाल्याचे त्यांनी जाताना दाखवले. ते पुढच्या सफाईच्या दिवशी बदलायचे आहे.