जुने फोटो हातात घेऊन दिवेआगर ते गुहागर

यंदा पौष पौर्णिमेला जोडून मी आणि माझा धाकटा भाऊ चार दिवस कोकणात जाऊन आलो. मागच्या सीटवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात एकवीस फोटो. नऊ १९९६च्या मे महिन्यातले, बाबांच्या याशिका कॅमेऱ्यावर काढलेले. बाकीचे २००९च्या सहलीतले, मी मुद्दाम कागदावर छापून घेतलेले. ज्या जागेवरून ते काढले तिथे जाऊन उभं राहायचं आणि परत एक काढायचा, एवढाच बेत. एकवीसपैकी अकरा जागा सापडल्या. त्या कशा सापडल्या आणि उरलेल्या का नाही, ते असं कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

निघायच्या आधीच भांडण झालं. २००९च्या फोटोंच्या कोपऱ्यात तारीख आहे १ जानेवारी २००५. तिन्ही दिवसांच्या सगळ्या फोटोंवर तीच. कॅमेऱ्याचं घड्याळ दर वेळी परत पहिल्यापासून सुरू होत होतं आणि ते लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भावाचं म्हणणं, "ताई, छापलंय ना समोर!" शेवटी मी त्याला माझी लेक दाखवली. ती २००७ची, आणि फोटोत दिवेआगरच्या वाळूत बसून शिंपला चावतेय. तेव्हा कॅमेरा घेऊन जाणार असाल तर घड्याळ लावून मगच गाडीत बसा. फोनवर काढणार असाल तर फोटोत ठिकाण नोंदवायची सोय चालू ठेवा. पंधरा वर्षांनी घरातली निम्मी भांडणं वाचतील.

ठाण्याहून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला दुपारी पोचलो. २००९ला जिथे उतरलो होतो त्याच घरी मुद्दाम खोली घेतली होती. तेव्हाचा एक फोटो त्या घराच्या मागच्या अंगणातला आहे. आम्ही सगळे ओटीवर, पुढे सुपारी वाळत घातलेली, मागे पोफळींची इतकी दाट वाडी की आकाशाचा एक ठिपका दिसत नाही. त्याच जागी उभी राहिले तर वरचा निम्मा फोटो नुसतं आकाश. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या, हे वाचलं होतं. पण वाचलेलं आणि हातातल्या फोटोला लावून पाहिलेलं, यात फरक पडतो. घरच्या काकू हात पुसत आल्या, फोटो घेतला आणि बोटाने झाडं मोजायला लागल्या. "ही गेली. ही गेली. ही आहे, ती बघा, वाकडी. ही गेली." नव्या लावलेल्या पोफळी आता पुरुषभर उंचीच्या वर आल्यात. मग त्यांचं बोट थांबलं ते कोपऱ्यातल्या एका माणसावर, ज्याच्याकडे आम्ही इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. पंचा लावून सुपारी उलथणारे त्यांचे सासरे. ते गेले, आणि कामात असतानाचा त्यांचा एकही फोटो घरात नाही.

तो फोटो अर्थातच तिथेच राहिला. तेव्हा फोटो घेऊन जाणार असाल तर प्रत्येकाच्या दोन प्रती काढा. मी काढल्या नव्हत्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर. इथे भरती-ओहोटीचं गणित लागतं, ते शाळेत शिकलेलं असतं आणि आपण विसरतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फोटोला पुरतं. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य बुडताना पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरतं. अष्टमीला भरतीच सहाच्या सुमारास, तीही भांगाची, पाणी ना धड वर ना धड खाली. आमचे २००९चे सूर्यास्त सगळे असेच आहेत: वर लाल गोळा, खाली पायाच्या ठशांनी चिवडलेली कोरडी वाळू. असे एकशे चाळीस सूर्यास्त काढले होते. एकही छापावासा वाटला नाही. पौर्णिमेला गेलात तर आणखी एक करा. सूर्य बुडाला की लगेच गाडीकडे पळू नका, मागे वळा. वाड्यांच्या डोक्यावर चंद्र येतो, आणि तेव्हा किनाऱ्यावर कुणाचंच तिकडे लक्ष नसतं.

सकाळी सुवर्ण गणेशाचं दर्शन. डब्यात देवळाबाहेरच्या रांगेचा फोटो आहे. सोन्याचा मुखवटा १९९७ला वाडीत खोदताना सापडला आणि मार्च २०१२मध्ये चोरीला गेला, म्हणजे हा फोटो त्या मधल्या काळातला असणार, हा पुरावाही मी भावाला ऐकवून घेतला.

दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जा. आतल्या रस्त्याने जाऊ नका, एवढंच सांगते.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला जंगलजेट्टी मिळते, पलीकडे वेसवी. ही फेरीबोट म्हणजे या रस्त्याचा आराम. गाडी चढवा, हँडब्रेक लावा, खाली उतरा आणि वरच्या बाजूला जा. गाडीत बसून राहणाऱ्या लोकांचं मला नवल वाटतं. फेऱ्या दिवसभर असतात, पण शेवटची कधी ते आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. धक्क्यावर फोनला रेंज असेलच असं नाही आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणं संपलं.

याच बोटीवर मी डब्यातून सगळ्यात आवडता फोटो बाहेर काढला. १९९६. मुंबई-गोवा रस्ता, महाडच्या पुढे. आमची मारुती तापली आहे, बॉनेट उघडं, आई पदराने वारा घेतेय, सहा वर्षांचा भाऊ मैलाच्या दगडावर फुरंगटून बसलाय. आणि मागे, अंगठ्याएवढा, सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी कमानींचा पूल. बाबांना फक्त गाडी काढायची होती. पूल आपसूक आला. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो पूल कोसळला, एस.टी.च्या दोन बसगाड्या आणि आणखी वाहनं त्यात गेली. दुसऱ्या दिवशी आईने टीव्हीवरची बातमी बघता बघता हा अल्बम काढला होता. पुलाशी आमचा संबंध काय, तर दोन बाटल्या पाणी रेडिएटरमध्ये ओतेपर्यंतचा.

"ही तीच नदी," मी बोटीवर म्हटलं.

"कुठली?"

महाबळेश्वरला उगम, महाडवरून येते आणि इथे बाणकोटला समुद्राला मिळते. भाऊ बराच वेळ कठड्याला टेकून राहिला. सूर्यास्ताच्या नव्हे, भर दुपारच्या उन्हात त्याने खाडीचे चार फोटो काढले. वाईट आलेत. ठेवलेत.

केळशीला मोबाइलवरच्या नकाशाने आम्हाला एका पाखाडीत घातलं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये गाडी, आणि आरसे मिटल्यावरही हाताच्या पंजाएवढी जागा. समोरून सायकलवर आलेले आजोबा उतरले, शांतपणे म्हणाले, "मागं घ्या. सगळे इथंच येतात." केळशीत गाडी महालक्ष्मीच्या देवळाजवळ लावा आणि चालत फिरा. गल्ल्यांचे फोटोही चालतच मिळतात.

आंजर्ल्याला मात्र अर्धा दिवस द्या. १९९६ला खाडीवर पूल नव्हता निदान आम्हाला गाडी नेण्याजोगा. हर्णैच्या बाजूला मारुती ठेवून आम्ही होडीने पलीकडे गेलो होतो. फोटो होडीतला आहे. माझ्या दोन वेण्या, नावाड्याच्या हातातला बांबू, आणि मागे डोंगराची रेघ, तिला डावीकडे एक खाच. आता पुलावर उभं राहून तो फोटो हात लांब करून डोळ्यांसमोर धरला. युक्ती अशी: एक जवळची खूण घ्यायची, एक लांबची. आपण डावीकडे सरकलो की जवळची खूण लांबच्या खुणेच्या मानाने उजवीकडे पळते. फोटोत काठावरचं एक कातळाचं नाक डोंगराच्या खाचेच्या बरोबर खाली आहे. आम्ही पुलावर पुढे-मागे करत ते नाक खाचेखाली आणलं. मग लक्षात आलं की फोनमध्ये सगळंच लांब आणि बारीक दिसतंय. याशिकाचं भिंग ३८ मिलिमीटरचं. फोनचा मुख्य कॅमेरा बहुतेक २४-२६च्या आसपासचा असतो, खूप रुंद बघतो. दीडपट झूम केला आणि डोंगर जागेवर येऊन बसला. होडीची उंची काही मिळाली नाही, आम्ही वीसेक फूट वर होतो. पण ती खाच तीच. भावाने पुलावरच टाळी वाजवली आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न.

कड्यावरच्या गणपतीवरून सुवर्णदुर्ग दिसतो. सकाळी जा, दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि किल्ल्याचा नुसता काळा तुकडा होतो.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. बूट घरी ठेवा, चपला घाला, वाटेत उभे राहू नका. टोपल्या घेऊन पळणाऱ्यांना तुमच्यासाठी थांबायला वेळ नसतो. फोटो काढण्याआधी विचारा. मी विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "काढ, पण सुरमई घे." घेतली. खानावळीत करून दिली. तिथून खोलीवर आल्यावर भिंगं पुसायचं लक्षात ठेवा: आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग कापड. उलटं केलंत की वाळूच पॉलिश पेपरचं काम करते. खाऱ्या वाऱ्याचा थर डोळ्यांना दिसत नाही, दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत दिसतो.

हर्णैतच एका फोटोवरून जुंपली. भाऊ बर्फाचा गोळा खातोय, चेहरा फ्रेमभर, मागे वाळू आणि पाण्याची एक पट्टी. तो म्हणे हर्णै, मी म्हणे मुरुड. दोन्ही किनाऱ्यांवर तो फोटो घेऊन फिरलो. शेवटी आईला फोन लावून फोटो पाठवला. "अरे, तो जुहूचा," आई म्हणाली. "कोकणात तुला गोळा कोण देत होतं?"

न सापडलेल्या बाकीच्या नऊ फोटोंचंही हेच दुखणं. चेहरे सुंदर, मोठे, आणि मागे काहीच नाही. जे अकरा सापडले त्यांतल्या बहुतेकांत डोंगराची रेघ, देवळाचा कळस नाहीतर किल्ल्याचा बुरूज होता. झाडांवर भरवसा ठेवू नका, वाड्या पडतात. दुकानं तर दर पाच वर्षांनी बदलतात. मी आता माणसं थोडी लांब उभी करते. भाऊ म्हणतो चेहरे दिसत नाहीत. दिसतात, डोळे बारीक करून बघावं लागतं इतकंच.

दाभोळला १९९६चा शेवटचा फोटो. बाबांनी धक्क्यावरून पलीकडचा किनारा काढलाय, डावीकडच्या कडेला अंडा मशिदीचा मिनार थोडा कापलेला. तेव्हा गाडी नेणारी बोट नव्हती आणि गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. पैसे आणि रजा दोन्ही संपत आल्या होत्या, आम्ही तिथूनच परतलो. मिनारामुळे जागा पाच मिनिटांत सापडली. या वेळी गाडी फेरीवर चढवली आणि थोड्याच वेळात धोपाव्याला उतरलो. बाबांनी फोटोत काढलेला किनारा म्हणजे हा. तिथून दाभोळकडे तोंड करून एक फोटो घेतला. जुन्याशी जुळवायला काही नव्हतं.

गुहागरला व्याडेश्वर, लांबलचक किनारा, तृतीयेची अर्धवट ओहोटी, सोलकढी. एक मुक्काम पुरे, पण पेट्रोल भरून निघा.

परतताना चिपळूण, परशुराम घाट, कशेडीचा बोगदा, पोलादपूर. सावित्रीवरच्या नव्या पुलावर थांबू नका, मागून ट्रक येत असतात. भावाने फक्त डावीकडे घेऊन वेग कमी केला आणि मी काच खाली करून एकच फोटो काढला. कठडा हललेला, पाणी जेमतेम, पण मागचे डोंगर नीट आलेत. महाडला चहा पिताना आईला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "गाडी तापली नाही वाटतं."