ड्रम ग्रिल, अपडेट ६: प्रोब म्हणतोय ८४, आणि लेगपीस तरीही लाल

मंडळी, काल रात्री पावणेनऊला ड्रम ग्रिलवर (पिंपाची केलेली कोळशाची भट्टी) भाजलेल्या लेगपीसच्या जाड भागात प्रोब, म्हणजे मांसात खुपसायचा थर्मामीटर, घातला, आकडा आला ८४ अंश सेल्सिअस. सुरीनं कापलं तर हाडाजवळ तेच, लालभडक. मी तिथंच परसात खुर्चीवर बसलो आणि एकटाच हसायला लागलो, बायको आतून म्हणाली काय झालं हो, तिला म्हटलं काही नाही, चार रविवार पाण्यात गेले एवढंच.

सुरुवातीपासून सांगतो, कारण मागच्या अपडेटला मी जे काही ठामपणे लिहिलं होतं त्यातलं अर्धं चूक निघालंय.

तेव्हाची तक्रार आठवत असेल, वरून कोळसा आतून कच्चं. झाकणावरचा तापमानाचा डायल १८० दाखवायचा, मी आपला निवांत, चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं की कातडी काळी आणि कापलं की हाडाला लाल. पहिल्या रविवारी दोष दिला कोळशाला. वखारीतून बाभळीचा आणला होता, पाऊस नुकताच संपलेला, पोतं खालून ओलसर, शिवाय त्यात अर्धवट जळालेली लाकडं, ती पेटली की पिवळा धूर आणि मांसाला कडवट वास. ते खरंच होतं, त्यामुळे आता पोतं पत्र्यावर उन्हात पसरतो आणि जड वाटणारे तुकडे हातानं बाजूला काढतो (नीट जळालेला कोळसा हलका असतो आणि एकमेकांवर आपटला की काचेसारखा खणकतो, इस्त्रीवाल्यानं शिकवलं हे, तो त्याच वखारीचं गिऱ्हाईक). ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) पण मागवून बघितले, ऑनलाइन, नारळाच्या कवटीचे. जळतात एकसारखे, ठिणग्या नाहीत, पण किलोला जो भाव आहे त्यात वखारीचा चौपट कोळसा येतो, आणि पेटायला इतका वेळ लावतात की पाहुणे भाकरी खाऊन मोकळे होतील. माझं मत, बाभूळ ती बाभूळ. ठिणग्यांची सवय होते.

दुसऱ्या रविवारी मॅरिनेशनच्या मागं लागलो. त्यात गूळ होता, गूळ जळणारच, काढून टाकला. लिंबाऐवजी पानचिंचोलीच्या चिंचेचा कोळ घातला, सोबत घरचा काळा मसाला, लसूण आणि तेल, आणि इथं एक छोटा विजय नोंदवून ठेवा, कारण ही चव आता बदलायची नाही. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली चिंच आपल्या लातूर जिल्ह्यात पिकते आणि आपण बाटलीतलं बार्बेक्यू सॉस आणतो, जाऊ द्या. चव जमली, पण हाडाजवळ लाल ते लालच.

तिसऱ्या रविवारी खोल चिरा, हाडापर्यंत. रस सगळा निखाऱ्यावर गळाला, भडका उडाला, आणि आत लाल.

चौथ्या रविवारी सासरे आले होते. म्हटलं आज रिस्क नको, सगळा कोळसा एका बाजूला, लेगपीस दुसऱ्या बाजूला, पूर्ण इनडायरेक्ट, सव्वा तास. चप्पल झाली हो. सासरे बिचारे भले माणूस, चावत चावत म्हणाले, "जावईबापू, मसाला फक्कड आहे." मसालाच. आणि त्यांच्या ताटातल्या हाडाजवळ मला तो लाल डाग दिसला तेव्हा मी ठरवलं की आता एकतर प्रोब घ्यायचा नाहीतर ड्रम भंगारात घालायचा.

प्रोब आला बुधवारी. आल्या आल्या पहिलं काम, पातेल्यात पाणी उकळलं. लक्षात असू द्या, लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथं पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. प्रोब म्हणाला ९८. मग नट सोडून झाकणावरचा डायल काढला, त्याची दांडी त्याच पाण्यात बुडवली. ७०. थोडं थांबलो, टिचक्या मारल्या. ७१.

म्हणजे मी तीन महिने एका थापाड्याच्या भरवशावर स्वयंपाक करत होतो. वर त्याची जागा झाकणाच्या टोकाला, जाळीपासून वीतभर उंच. गुरुवारी रिकामा ड्रम पेटवला, प्रोब जाळीवर ठेवला, डायल १८० ला आणला, जाळीवर २३५! कातडी जळणार नाही तर काय होणार. तो डायल ऑनलाइन घेतलेला, दिसायला लई भारी, स्टीलची कड, लाल काटा. नाव सांगत नाही, पण स्वस्तातला डायल घेणार असाल तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा आणि मगच झाकणाला भोक पाडा. मी भोक आधी पाडलं.

बरं, आता खरा आकडा कळला तर तो खाली आणायचा कसा? खालचं व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) अर्धं केलं, पाव केलं, पूर्ण बंद केलं, ड्रम आपला २०० च्या खाली यायला तयार नाही. रात्री दहाला सगळं बंद करून झोपलो. सकाळी उघडलं तर नुसती राख. हवा खरंच बंद झाली असती तर विस्तव गुदमरून कोळसा उरायला पाहिजे होता, पुढच्या वेळी वापरता आला असता. मग दुसऱ्या दिवशी परत पेटवून, सगळं बंद करून, खालच्या, राख काढायच्या दाराजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ आत! दाराची फट चार-पाच मिलिमीटर, खालची पूर्ण बाजू.

मिस्त्रीकडे गेलो. वेल्डिंगवाले मामू म्हणाले, "सर, तुमीच म्हणलाव दार सैल ठेवा, तापल्यावर पत्रा फुगतंय म्हणून." म्हटलो होतो खरा. (याच मामूंशी मी जाळीवरून वाद घातला होता, ते गॅल्वनाइज्डची लावू म्हणत होते, स्वस्त पडते म्हणून, पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो निखाऱ्यावर तापवून त्यावर खायचं भाजायला नको, म्हणून स्टीलचे सहा मिलिमीटरचे गज लावून घेतले. तो निर्णय आजही योग्य वाटतो, दार मात्र माझ्याच अंगलट आलं.)

दार बदलायला आठ दिवस लागणार होते, आणि रविवार परवा. इथं आमच्या मायनं एंट्री घेतली. आमच्या घरात कोंबडी आत शिजत नाही, पहिल्यापासून परसातल्या वेगळ्या चुलीवर, भांडीसुद्धा वेगळी, म्हणून तर या ड्रमला परवानगी मिळाली. माय खात नाही, पण विस्तवातलं तिला जेवढं कळतं तेवढं मला सात जन्मात कळायचं नाही. ती तुळशीजवळ उभी राहून बघत होती, म्हणाली, "आरं, जाळावर काय भाजलालास? आर पडू दे की. अन् लई झाला तर राख टाक त्याच्यावर."

आर म्हणजे निखारे. आणि राख टाक. एवढंच. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून सकाळी फुंकर घालून पेटवणारी पिढी ती. मी खालच्या व्हेंटशी तीन दिवस झटापट करत होतो आणि उपाय राखेच्या ट्रेमध्येच पडला होता. अर्ध्या निखाऱ्यावर फावडंभर चाळलेली राख पसरली, दाराच्या फटीला भिजवलेल्या कणकेची वळी चिकटवली, बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी. पंधरा मिनिटांत जाळीवर १७५, आणि पुढचा तासभर १७० ते १८० च्या मधे. मी फोटो काढला आकड्याचा. बायको म्हणाली मुलांचे एवढे फोटो काढले असते तर.

तर कालचा कुक. चार फुल लेग, इनडायरेक्ट साइडला, कातडी वर. पस्तीस मिनिटांनी ६८, पन्नासला ७९, मग थेट निखाऱ्यावर दोन-दोन मिनिटं कातडी कुरकुरीत करायला, आणि ८४ ला काढले. चिकन ७४ ला सुरक्षित होतं, पण मांडीत चिवट ऊती असतात, त्या ८० च्या पुढं विरघळतात, म्हणून लेगपीस वर नेला तर मऊच होतो, ब्रेस्टला हे करू नका. प्रोब हाडाला टेकू द्यायचा नाही, मधल्या जाड मांसात ठेवायचा, मी तीन ठिकाणी तपासलं, ८४, ८३, ८४.

कापलं, आणि लाल.

रस मात्र पांढरा, मांस हाडापासून सुटत होतं, चिवटपणाचा पत्ता नाही. फक्त हाडाला चिकटून लाल पट्टा. आज सकाळी चिकनवाल्याकडे जाऊन विचारलं तर तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी विचारलं कोंबडीला पंख कशाला असतात. "भाऊ, ब्रॉयलर चाळीस दिवसांचं असतंय. हाड कवळं. आतली लाली बाहेर येती शिजताना. गावरानला नाही होत, तिचं हाड पक्कं." आणि तेच कारण आहे, कोवळं हाड सच्छिद्र असतं, मज्जेतला रंग त्यातून झिरपतो आणि शिजल्यावरही लालसर, कधी काळपट राहतो. गोठवलेल्या मालाला जास्त. माझे पहिले तिन्ही रविवारचे लेगपीस फ्रीजरमधले.

म्हणजे हिशोब असा की वरून जळत होतं ते डायलमुळे, आणि आतून कच्चं होतंच असं नाही. सासऱ्यांचा तो सव्वा तासवाला तर नक्कीच अर्ध्या तासापूर्वी झाला होता. मी रंग बघून परत परत चढवत होतो. उलट बाजूनंही लक्षात ठेवा, पांढरं दिसलं म्हणजे शिजलं असंही नाही, रंगावर जाऊच नका, आकडा बघा. मागच्या अपडेटला ‘हाडाला लाल दिसलं तर परत जाळीवर’ असं मी लिहिलं होतं, ते खोडा.

पुढचा प्लॅन रानचा होता, उस्मानाबादी बोकडाची मांडी, कच्च्या पपईत रात्रभर, मग चार तास मंद. मामूंचं दार झालं की लगेच. पण कॅलेंडर बघितलं तर मार्गशीर्ष चार दिवसांवर, आणि आमच्याकडे महिनाभर परसातसुद्धा काही नाही. म्हणजे रान थेट पौषात. तोपर्यंत वांगी, रताळी, पनीर. वांग्याचं भरीत तर याच्यावर... थांबा, हे लिहिता लिहिता सुचलं, हुरडा!

महिन्या-दीड महिन्यात ज्वारीची कणसं हुरड्यात येतील. आगटीत गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसतात तसं इथं का नाही? राखेखाली झाकलेला विस्तव, झाकण उघडं, कणसं दांड्यासकट कडेनं उभी. आत्ता मायला विचारून आलो. ती म्हणते कोळशावर चव येणार नाही, गोवरीच लागती, अन् हुरडा शेतात खायचा असतो, ड्रमात नाही. गोवरीचं पटलं, दोन गोवऱ्या कोळशावर टाकून बघता येतील. शेताचं म्हणाल तर ड्रमला चाकं लावून देतो म्हणाले होते मामू, तेव्हा मी साडेतीनशे रुपये वाचवले. उद्या दाराचं विचारायला जातोय तेव्हा चाकांचंही काढतो. वेळ अमावास्येला (मार्गशीर्षातली, शेतात पूजा आणि जेवण असतं ती) सगळे शेतात जातोच, भज्जी-आंबिलीच्या मधे हा ड्रम दिसला तर माय काय म्हणेल ते नंतर बघू.

दाराच्या फटीसाठी कणीक दर वेळी लावणं काही खरं नाही, दोन तासांत वाळून तडकते. बेकरीच्या भट्टीच्या दारांना काचतंतूंची जाड दोरी लावतात, ती इथल्या गंजगोलाई बाजारात दोन दुकानांत विचारली, नाही मिळाली. कुणी लावली असेल तर किती जाडीची घेतली आणि कशानं चिकटवली तेवढं सांगा, मला आठ-दहा मिलिमीटरची पुरेल असं वाटतंय. आणि तो डायल कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, भिंतीला शोभेसाठी बरा आहे.