साचलेलं, साठवलेलं, चढलेलं

रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मी केलेलं भाषांतर गेल्या आठवड्यात दुरुस्त्या होऊन परत आलं. मी लिहिलं होतं, 'फुफ्फुसांत पाणी साचतं'. तिथे 'द्रवसंचय होतो' आलं होतं. 'कानात मळ साचतो' याचा 'मलसंचय' झाला होता, आणि रक्तवाहिन्यांत चढणाऱ्या चरबीच्या थराचा 'मेदसंचय'. मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता, बिल्ड-अप. म्हणून मराठीतही तिन्ही ठिकाणी एकच शब्द हवा, असा तपासणाऱ्यांचा आग्रह.

कानाच्या तक्रारीसाठी आलेला माणूस 'मलसंचय' वाचून पोटाचा विकार समजेल, हे तर झालंच. पण मला त्याहून खोलवरचं काही खटकलं. एकाच कोशात एका ओळीत बसणारे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, हे गृहीतच मला मान्य नाही.

इंग्रजीत ही ओळ लांबलचक आहे: अ‍ॅक्युम्युलेशन, अ‍ॅक्रिशन, अ‍ॅक्रूअल, इन्क्रिमेंट, ऑग्मेंटेशन, एस्कलेशन, स्टॉकपाइल. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली शब्दांची अर्थानुसार मांडणी करून आपला थिसॉरस छापला. थिसॉरस या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ खजिना, कोठार. कोठारात एका फळीवर ठेवलेल्या बरण्या एकाच मापाच्या असल्या तरी प्रत्येकीत वेगळा जिन्नस असतो. झाकण उघडून पाहावं लागतं.

अ‍ॅक्युम्युलेशनच्या पोटात लॅटिन क्युम्युलस आहे, म्हणजे ढीग. ल्यूक हॉवर्डने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, तेव्हा राशीसारख्या फुगीर ढगांना हेच नाव दिलं, आणि आडव्या पसरलेल्यांना स्ट्रेटस, म्हणजे थर. ढीग आणि थर हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ढिगात वस्तू एकीवर एक पडतात, पण सुट्या राहतात. माझ्या टेबलावरच्या कागदांचा ढीग आहे. वरचे चार उचलले की खालचे जसेच्या तसे असतात.

अ‍ॅक्रिशनचं तसं नाही. त्यात क्रेस्करे आहे, वाढणे. इन्क्रीज याच घराण्यातला, क्रेसेंट म्हणजे मुळात वाढत जाणारी चंद्रकोर, आणि काँक्रीट म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेलं. इथे येणारं नवं, असलेल्याला चिकटतं आणि त्याचंच होऊन जातं. हे मला कोशाने नाही, माझ्या किटलीने शिकवलं. पाण्यात क्षार जास्त असले की ते तापताना चुना खाली बसतो, आणि तळाशी पांढरं पुट धरतं. एकदा मी त्याचा एक पापुद्रा नखाने सोडवला आणि उजेडात कडेने धरून पाहिला. आत बारीक रेघा होत्या, काही पांढऱ्या, काही पिवळसर. किती उकळ्यांचं ते पाणी होतं कोण जाणे, पण आता सगळं मिळून एकच टणक कपची झाली होती. याला ढीग कसं म्हणायचं? धुळीचे कण चिकटत चिकटत ग्रह तयार होतात, त्यालाही शास्त्रज्ञ अ‍ॅक्रिशनच म्हणतात.

अ‍ॅक्रूअल याच मुळाचा, पण तो पैशाच्या हिशेबात रमला. आपण मराठीत व्याज 'चढतं' म्हणतो, आणि मला आपलं क्रियापद जास्त आवडतं, कारण कर्जदाराच्या खांद्यावरचं ओझं त्यात दिसतं. एस्कलेशनमध्ये शिडी आहे. आधी एस्कलेटर आला, वर नेणारा सरकता जिना, आणि मग त्यावरून क्रियापद निघालं. औषधाचा डोस एस्कलेट करतात तेव्हा 'टप्प्याटप्प्याने वाढवतात' हेच बरोबर. पण वाद एस्कलेट होतो तेव्हा मराठीत तो 'चिघळतो'. तिथे पायऱ्या नाहीत, जखम आहे.

आणि आपल्याकडे एक भेद असा आहे, जो मी कधीच सोडणार नाही: साचणं आणि साठवणं. पाणी साचतं, धूळ साचते, मनात राग साचतो; कोणी मुद्दाम केलेलं नसतं. धान्य साठवतात, पैसा साठवतात. त्यामागे हात असतो, हेतू असतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' यातलं तळं आपसूक होतं. स्टॉकपाइल हा साठवण्याच्या बाजूचा शब्द आहे. बिल्ड-अप मात्र दोन्हीकडे फिरतो. सीमेवरच्या सैन्याच्या बिल्ड-अपला आपण 'जमवाजमव' म्हणतो. 'सैन्य साचलं' असं लिहिलं तर जणू ते पावसाने वाहून आलं. 'संचय' हा शब्द वाईट नाही. पुण्यसंचय, धनसंचय यांत तो शोभतो, कारण तिथे कमावणारा कोणीतरी असतो. फुफ्फुसातलं पाणी कोणी कमावलेलं नसतं. आजारी माणसाला उगाच आपणच काही केलं असं वाटू नये, एवढी काळजी शब्दाने घ्यायलाच हवी.

इन्क्रिमेंट म्हटलं की आज पगारवाढच आठवते. पण इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तयार झालेल्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात हा शब्द फार सुंदर आला आहे. नदी काठाला गाळ आणून घालते, त्या जमिनीला तिथे 'इन्क्रिमेंटुम लातेन्स' म्हटलंय, लपलेली वाढ. कोणत्या क्षणी किती भर पडली ते कळू नये इतक्या सावकाश जे येतं, ते काठाच्या मालकाचं होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात नदी नव्हती, धमनी होती. आतल्या भिंतीवर चरबी अशीच चढत जाते, वर्षानुवर्षं, आणि माणूस जिने चढत असतो, हसत असतो.

काल रात्री मी ते पत्रक परत पाठवलं. फुफ्फुसांत पाणी साचतं. कानात मळ साचतो. तिसऱ्या वाक्यात मूळ इंग्रजीत बिल्ड-अपच्या जोडीला ग्रॅज्युअल हाही शब्द होता, आणि त्यासाठी मी आधी नुसतं 'हळूहळू' लिहिलं होतं. आता ते असं आहे: 'रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर नकळत, हळूहळू चढत जातो.' सोबत तपासणाऱ्यांना दीड पानाचं पत्र लिहिलंय. त्यात किटलीचा पापुद्राही आहे.