पिठाच्या पिशवीतली एअरगन

कोल्हापुरात बंदुकांच्या एका लायसन्सवाल्या दुकानात मी मागच्या खोलीत रिपेअरिंगला बसतो. पुढे मालक कागदपत्रं बघतात, मागे मी, माझा व्हाइस आणि कायम खरखरणारा रेडिओ. बारा बोअरचं काम हल्ली कमीच झालंय, जास्त करून एअर रायफली येतात, आणि 2024 ला आमच्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ मारल्यापासून तर विचारूच नका. त्याची इव्हेंट 50 मीटरची, ती पॉइंट टू टू बोअरच्या गोळीच्या रायफलवर असते, पण पोरं सुरुवात करतात ती 10 मीटर एअर रायफलपासून, त्यामुळं शाळाशाळांत माळ्यावर पडलेल्या जुन्या एअरगन खाली उतरल्या आणि त्यातल्या निम्म्या आमच्याकडं आल्या.

तर त्या दिवशी सकाळी एक पीटीचे सर आले. हातात दस्ता आणि नळी, आणि बाकी सगळं पिठाच्या गिरणीच्या पिशवीत. पिशवी टेबलावर ओतली तर स्प्रिंग, पिस्टन, पिना, स्क्रू, ट्रिगरचे सगळे बारके तुकडे, आणि वर थोडं ज्वारीचं पीठ पण. म्हणाले, "व्हिडिओ बघून खोलली हो, बसंना झालीय. कंपनीला दोनदा पत्र टाकलं, सील द्या, स्प्रिंग द्या, ट्रिगरचा सेट द्या म्हणून, उत्तर नाही. मालक सोडा, तुम्ही बघा."

स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं साधन, न वापरता खोलली होती हे विचारायची गरजच नव्हती, कारण स्प्रिंग केळ्यासारखी वाकलेली. ही स्प्रिंग नुसती बसवलेली असताना पण दाबलेलीच असते, मागची पिन काढली की सगळं सुटतं. सरांनी पिन काढली तेव्हा ते कपाटाच्या आरशात जाऊन बसलं. नशीब की घरात कोणी समोर नव्हतं.

मग पिस्टन हातात घेतला. त्याच्या तोंडाला हवा अडवणारा सील असतो, त्याची कड काळी पडलेली, नखानं खरवडली तर कोळशासारखी भुकटी निघाली. मी विचारलं तेल कुठलं घालता. तर म्हणे शिवणयंत्राचं, प्रॅक्टिसच्या आधी नळीमागच्या भोकातून चार थेंब, "त्यानं गन चांगली चालते, आवाज पण दणक्यात येतो, धूर पण येतो जरा." आता हेच तर दुखणं. पिस्टन पुढं जाताना हवा एका झटक्यात दाबली जाते आणि इतकी तापते की ते तेल आत पेटतं, डिझेल इंजिनात होतं तेच, आणि आपल्याला वाटतं गनला ताकद आली. दर शॉटला सील जळत असतो. घालायचंच असेल तर सिलिकॉन ऑइल, ते पण एखादा थेंब आणि कधीतरी.

मी मालकांना सांगून फॅक्टरीला फोन लावला. गन आपल्याच देशातली आहे, कंपनीचं नाव घेत नाही. डीलर म्हणून बोलल्यावर लगेच स्पेअरवाल्या माणसाकडं जोडून दिलं, ही पण एक गंमतच, सरांच्या पत्रांना उत्तर नाही आणि आम्हाला पाच मिनिटांत माणूस. त्यानं पहिला प्रश्न विचारला, सील स्क्रूवाला का बटणवाला? म्हणजे जुन्या पिस्टनला चामड्याचा वायसर स्क्रूनं बसतो, नव्याला पुढं मशरूमसारखं डोकं असतं आणि त्यावर प्लास्टिकचा सील दाबून बसवायचा. सरांनी पत्रात फक्त मॉडेलचं नाव लिहिलेलं, आणि तेच मॉडेल मधल्या काळात बदललंय. सिरियल नंबर, पिस्टनच्या तोंडाचा फोटो आणि सिलिंडरचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजून, एवढं पाठवा म्हणाला. पाठवलं. घरी रिपेअर करणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं, मॉडेलचं नाव सांगून पार्ट मागू नका. आणि नळीच्या मागं जो ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असतो तो तर कंपनीकडं मागूच नका, जुना घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, नायट्रिलचा त्या मापाचा मिळतो, चहाच्या पैशात.

सील आणि स्प्रिंग पाठवतो म्हणाला. सरांनी मागून खूण केली, म्हणून मी विचारलं, जास्त पॉवरची स्प्रिंग आहे का. तो हसला. मी पण सरांना सांगितलं, सर, पॉइंट 177 इंच बोअरची एअरगन लायसनशिवाय चालते ती तोंडाशी छऱ्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असली तर. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला सेकंदाला 275 मीटरच्या पुढं नेलं की तुम्ही त्या रेषेवर आलाच. आणि 10 मीटरवर कागदाला भोकच पाडायचंय, एअर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं ताकद काय करणार, उलट धक्का वाढतो आणि ग्रुप फाटतो, म्हणजे छर्रे एका जागी न पडता पसरतात. मॅचच्या रायफली सेकंदाला 170 मीटरच्या आसपासच मारतात. ते सरांना पटलं असावं, निदान गप्प बसले.

अडलं ते ट्रिगरवर. सरांना सिअर पाहिजे होता, म्हणजे पिस्टनला मागं अडवून धरणारा तुकडा. फॅक्टरीवाला सरळ नाही म्हणाला. सिअर, ट्रिगर ब्लॉक सुटा देत नाही, डीलरला पण नाही, गन पाठवा, आम्ही बसवून देतो. सर भडकलेच. "माझी गन, माझे पैसे, मी पार्ट मागतोय तर द्यायला काय झालं? गाडीचा ब्रेक मिळतो सुटा, हे का नाही?" खरं सांगू, बऱ्याच वेळा मी पण सरांच्याच बाजूनं असतो. कंपन्या साधी एक्सप्लोडेड ड्रॉइंग, कुठला पार्ट कुठं बसतो ते दाखवणारी, पण देत नाहीत, दहा रुपयाच्या पिनेसाठी गन महिनाभर अडकते. आणि परदेशी गन असली तर अजून वैताग, ट्रिगरचा पार्ट कस्टममध्ये 9305 या कोडखाली जातो, शस्त्राचे सुटे भाग, मग साधा कुरिअरवाला हातच लावत नाही.

पण मी तो सिअर भिंगाखाली धरला आणि माझं मत तिथंच फिरलं. अडकणारी कड सरळ, धारदार पाहिजे, ती गोल झालेली आणि त्यावर आडव्या रेघा. कानशीच्या. विचारलं, तर सर म्हणाले की घोडा फार जड होता, पोरांची बोटं लहान, म्हणून शाळेच्या शिपायानं जरा घासून दिला, मस्त हलका झाला.

मी म्हटलं थांबा, दाखवतो. दुकानातली जुनी स्प्रिंग घातली, गन जोडली, दस्त्याशिवाय व्हाइसमध्ये धरली, छर्रा घातला नाही. नळी मोडून कॉक केली, म्हणजे पिस्टन मागं नेऊन सिअरवर अडकवला, आणि नळी उघडीच ठेवून तिला सुतळीचे चार-पाच पदर घालून खाली बांधून टाकली. सरांना लांब उभं केलं. मग रबरी हातोड्यानं मागच्या बाजूला एक टिचकी मारली, टिचकीच, खिळा पण ठोकला गेला नसता एवढी. खट्याक करून नळी वर उसळली, सुतळीचे दोन पदर तुटले आणि बाकीच्यांनी अडवली म्हणून थांबली, नाहीतर पार मिटली असती. घोड्याला कोणी हात लावलेला नव्हता.

सर म्हणाले, "अहो, छर्रा घालताना बोट तिथंच असतं की." मी म्हटलं, तेच. नळी उघडी असताना सिअर सुटला तर ती नळी बोटावर मिटते, आणि मिटताना स्वतः पण वाकते. "सातवीची पोरं हाताळतात ओ ही," असं म्हणून सर स्टुलावर बसले, मालकांनी पुढून चहा पाठवला तो तसाच गार झाला.

मला फॅक्टरीवाल्याचं म्हणणं पटतं ते एवढ्यापुरतंच. सील चुकीचा बसला तर गन हळू मारेल, स्प्रिंग चुकली तर ग्रुप बिघडेल, त्यात कोणाचं नुकसान नाही, म्हणून असले पार्ट घरी रिपेअर करणाऱ्याला मोकळेपणानं विकावेत, त्याच्या पत्राला उत्तर पण द्यावं, सोबत ड्रॉइंग द्यावं. ट्रिगरचं तसं नाही, तिथं सिअर नवा दिला तरी पिस्टनच्या खाचेशी त्याचं माप जुळलंय का हे बघायला लागतं, आणि ते पीठ असलेल्या डायनिंग टेबलावर होत नाही. तीच गोष्ट हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलींची, 200 बार दाबाचं सिलिंडर असतं, त्याला दहा वर्षांची मुदत असते, त्याचा व्हॉल्व्ह कोणी सुटा मागितला तर मी पण देणार नाही.

गन दुकानाच्या नावानं फॅक्टरीत गेली. सील आणि स्प्रिंग त्यांनी कुरिअरनं पाठवलं होतं ते आधीच आलं, पण सील जरा मोठाच निघाला, असतात तसे, बारीक पॉलिश पेपरवर फिरवून फिरवून उतरवायला लागतो, सिलिंडरमध्ये बोटानं ढकलला की अडखळत पण सरकत जाईल इतका. गन परत आल्यावर तो मी बसवला. क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, शॉट एकसारखे येत होते आणि धूर अजिबात नव्हता. कॉक करून, नळी बांधून, रबरी हातोड्यानं सगळीकडून ठोकून बघितलं, सिअर हलला नाही. घोडा मात्र पहिल्यासारखा जड झालेला, सरांनी दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं, पण बोलले काही नाहीत. शाळेत अजून तशाच गन आहेत, त्या पण शिपायानं "हलक्या" केल्यात का असं मी विचारलं, तर म्हणाले उद्याच घेऊन येतो, पिशवीत नाही, जोडलेल्या.

मग बिलावरून सुरू झालं. सरांना बिल शाळेच्या नावावर पाहिजे, मुख्याध्यापकांना कानशीचा उल्लेख नको, आणि मालक म्हणतात फॅक्टरीच्या जॉबकार्डवर जे लिहिलंय तेच मी लिहिणार.