आमची वाटचाल : कोटंबी घाटापलीकडचं गिऱ्हाईक

२००६ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही कंट्रोल पॅनल, म्हणजे मोटारी आणि यंत्रं चालू-बंद करायच्या विजेच्या पेट्या, बनवायला सुरुवात केली. एक ड्रिल मशीन, क्रिम्पिंगची पक्कड, दोन वायरमन आणि मी. सौ. शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी येऊन बिलं लिहायची.

लोक अजून विचारतात, वापी एवढी जवळ असताना सुरुवातीला तिथली कामं का धरली नाहीत? कोटंबी घाट आणि पेठ मागे टाकलं की गुजरातची हद्द. वापी दीडशे किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याच्या जवळजवळ तिप्पट. तरी आम्हाला कोल्हापूर जवळचं वाटायचं, कारण तिथे माल पाठवला की विषय संपायचा.

आमच्या कोटेशनच्या वहीत एकाच पॅनलला चार भाव असायचे. महाराष्ट्रात, मुंबईत जकात धरून, परराज्यात सी फॉर्मवर आणि परराज्यात सी फॉर्मशिवाय. पत्रा तोच, वीज वाहणारे बसबार तेच, वायरमनही तोच! महाराष्ट्रात पॅनलवर साडेबारा टक्के व्हॅट होता. गुजरातेत साडेबारावर आणखी अडीच टक्के वाढीव कर. राज्याबाहेर विकलं तर केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो आधी ४ टक्के, २००७ मध्ये ३, आणि जून २००८ पासून २. पण ही सवलत सी फॉर्मवर. गिऱ्हाइकाने तो त्याच्या राज्याच्या विक्रीकर खात्याकडून घेऊन आपल्याला द्यायचा. नाही दिला, तर आपल्या राज्याचा पूर्ण दर भरायचा, आणि भरायचा विकणाऱ्याने.

२००९ मध्ये मोह आवरला नाही. वापीच्या एका गिऱ्हाइकाला ३,४०,००० रुपयांचं पॅनल दिलं. दोन टक्क्यांनी कर झाला ६,८०० रुपये. पैसे वेळेवर आले, फॉर्म आला नाही. दर आठवड्याला फोन केला की पलीकडून गोड आवाजात उत्तर यायचं, "साहेब, फॉर्म आवी जशे." म्हणजे, येऊन जाईल. दोन दिवाळ्या गेल्या. एकदा मी मोटरसायकलवर थेट जाऊन बसलो. चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. जुना अकाउंटंट सोडून गेलाय, नवा शोधतोय, असं कळलं. शेवटी विक्रीकर खात्याच्या असेसमेंटला, म्हणजे करतपासणीत, फरक निघाला ३५,७०० रुपये, वर व्याज. त्या पॅनलमध्ये आम्हाला सुटले होते पंचवीस हजार.

त्यानंतर सौ.ने नियमच केला. परराज्याचं काम असेल तर कराच्या फरकाचा पुढच्या तारखेचा चेक आधी घ्यायचा, फॉर्म हातात पडला की परत द्यायचा. काही गिऱ्हाइकं रागावली, दोन-तीन गेलीही. आलेले फॉर्म ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या. घरातल्या पैठणीला एवढं जपलेलं मी पाहिलेलं नाही.

जकातीचं वेगळंच. मुंबईच्या लोहार चाळीतून कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅनलमधले मोठे स्विच, आणले की नाशिकच्या विल्होळी नाक्यावर टेम्पो उभा. २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तोही माफ झाला. त्यावर जास्त बोलत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी गाळ्यात पेढे वाटले. सौ. म्हणाली, "दर तरी बघा आधी." पॅनलवर दर होता २८ टक्के! इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमचा माल स्वस्त पडायचा तो सगळाच आमच्या हुशारीमुळे नव्हता. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, माफ होती. मोठा कारखाना एक्साइज आणि व्हॅट दोन्ही लावायचा, आम्ही नुसता व्हॅट. सोसायट्या आणि हॉस्पिटलांना कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला कर पुढे वजा करून मिळत नाही, त्यामुळे त्यांना आम्ही परवडायचो. ती सवलत एका रात्रीत गेली. ते चार महिने फार वाईट गेले, एक वायरमन सोडूनही गेला. नोव्हेंबरमध्ये दर १८ वर आला तेव्हा श्वास घेतला.

आता वहीत एकच भाव असतो. महाराष्ट्रातल्या बिलावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ टक्के, बाहेरच्या बिलावर सरळ १८. वापी, सिल्वासा, इंदूर, सगळीकडे माल जातो. हद्द पूर्ण पुसली गेली असं मात्र नाही. ऐंशी हजारांचं पॅनल छत्रपती संभाजीनगरला पाठवलं तर मालासोबतचं ऑनलाइन ई-वे बिल लागत नाही, कारण राज्यातल्या राज्यात मर्यादा एक लाखाची आहे. तेच वापीला पाठवलं तर लागतं, तिथे मर्यादा पन्नास हजारांची. आणि पेट्रोल जीएसटीत नाहीच.  हद्दीजवळच्या सुरगाण्याकडची माणसं स्वस्त पेट्रोलसाठी पलीकडे गुजरातेतच जातात.

गेल्या वर्षी वापीच्या त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. मोठं काम होतं, कोटेशन कधी पाठवता म्हणाला. फोन सौ.ने घेतला होता.

"आवी जशे," ती म्हणाली.

पाठवलं आम्ही तिसऱ्या दिवशी. ॲडव्हान्स, शंभर टक्के.