जेजुरीची पिवळी मंडळी

परवा दुपारी कॅमेरा पुसायला घेतला. विकायचा विचार आहे. गेलं वर्षभर आहे. लेन्स काढली, ब्लोअर मारला, वरच्या गोल चकतीच्या खाचांतून टूथपिक फिरवली तर टोकाला पिवळं लागलं. हुंगून बघितलं. भंडारा. २०२३ च्या दिवाळीतल्या सोमवतीचा. लक्ष्मीपूजन रविवारी झालं, पाडवा मंगळवारी, आणि मधल्या सोमवारी अमावस्या. घरात फराळाचे डबे उघडे टाकून मी जेजुरीला गेलो होतो, त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे नको.

जाताना तयारी जंगी होती. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी, पुढून लेन्सपुरतं भोक, त्यावर दोन रबरबँड. लेन्स गडावर बदलायची नाही, हे स्वतःला तीनदा बजावलं होतं. पण भंडाऱ्याला पिशवीचं काय कौतुक? तो उडतो कुठे, तरंगतो. पालखी हलली, बंदुकीच्या फैरी झडल्या, आणि तटावरून, सज्जावरून, जिथे माणूस मावेल तिथून मुठी सुटल्या. सदानंदाचा येळकोट! समोरचे खांदेकरी गेले, दीपमाळा गेल्या, मग माझा हातही दिसेना. ऑटोफोकस बिचारा घर्र घर्र करत पुढे-मागे धावत होता. त्याला धरायला काही सापडेना.

आणि घरी येऊन बघतो तर पहिले दीडएकशे फोटो मळकट, निळसर. कॅमेऱ्याचा काही दोष नाही. सगळंच पिवळं दिसलं की त्याला वाटतं दिव्याचा उजेड पडलाय, काहीतरी चुकतंय, आणि तो आपल्या परीने पिवळं काढून टाकतो. जेजुरीतून पिवळं काढायचं! त्याला ‘ऊन’ असं हाताने सांगून ठेवावं लागतं, मग तो गप्प बसतो. हे मला गड उतरताना सुचलं. तशा पायऱ्या नवलाख म्हणतात, मी कधी मोजल्या नाहीत, पण खांद्याला बॅग असली की आकडा पटतो.

भंडाऱ्याबद्दल आमच्या आईचं एक शास्त्र होतं. जेजुरीहून आलं की कपडे झटकायचे आणि उन्हात टाकायचे, पाणी लावायचं नाही. एकदा वडिलांनी शहाणपणा करून सदरा सरळ साबणाच्या पाण्यात बुडवला. पिवळे डाग क्षणात तांबडे झाले आणि मारामारी करून आल्यासारखा तो सदरा दोरीवर लटकला. मग दोन दिवस ऊन खाऊन पांढरा झाला. हळद उन्हात उडते. हल्लीच्या भंडाऱ्यात रंग मिसळलेला असतो म्हणतात, तो उडत नाही आणि अंगाला खाजही सुटते. माझा त्या दिवशीचा शर्ट अजून खांद्यावर पिवळा आहे.

तर फोटो. जेजुरीत आमच्या घराण्याचा एक फोटो आहे. म्हणजे नाही.

मी सहा-सात वर्षांचा असेन. आजी-आजोबा, आई-वडील आणि मी असे कुलदैवताला गेलो होतो. दर्शन झालं, कासवापाशी तळी उचलून झाली, खाली उतरलो तर पायथ्याशी एक फोटोवाला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर गड आणि पांढऱ्या घोड्यावर देव. खरा गड डोक्यावर उभा असताना आम्ही त्या पडद्यावरच्या गडापुढे ओळीने उभे राहिलो. आजोबांनी टोपी सारखी केली. आजीने पदर डोक्यावरून घेतला, पुन्हा घेतला, मग फोटोवाला म्हणाला, ‘‘आजी, आता हलू नका.’’ तर तिने श्वासच धरून ठेवला आणि फोटो निघाल्यावरही सोडेना. वडिलांनी पैसे दिले, पत्ता लिहून दिला. फोटो पोस्टाने येणार होता.

महिन्याभराने पाकीट आलं. पत्ता आमचा, अक्षर त्याचं, आणि आत फोटो भलत्यांचा! एक फेटेवाला, त्याची बायको, दोन सारख्या परकरातल्या मुली आणि हललेला, त्यामुळे दोन तोंडांचा झालेला एक मुलगा. वडिलांनी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. आई म्हणाली, फेकून द्या. आजीने तो देव्हाऱ्याच्या शेजारी खिळ्याला लावला. ‘‘देवाच्या दारातून आलेली माणसं आहेत, असू देत.’’ पुढे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की त्या फोटोपुढेही खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. आम्ही त्यांना ‘जेजुरीचे पाहुणे’ म्हणायचो. परकरवाल्या मुलींना मी नावंही ठेवली होती, ती सांगत नाही.

आजोबा त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. त्यांचा आजीबरोबरचा फोटो तेवढाच होता.

यामुळे असेल किंवा नसेलही, पण ‘पाठवतो’ हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. कुठल्याही यात्रेत गळ्यात कॅमेरा दिसला की लोक म्हणतात, ‘‘दादा, आमचा एक काढा की.’’ बाकीचे फोटोवाले काढतात, ‘‘पाठवतो हं’’ म्हणतात, आणि पुढच्या वळणावर विसरतात. मी आपला शक्यतो नजर चुकवतो.

त्या सोमवतीला चुकवता आली नाही. महाद्वाराच्या अलीकडे पायरीवर एक कुटुंब बसलं होतं. नखशिखांत पिवळं. म्हातारीच्या पापण्यासुद्धा पिवळ्या, त्यात दोन काळे डोळे तेवढे हलत होते. शेजारी मुलगा, सून, सुनेच्या मांडीवर झोपलेलं पोर, त्याच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा घट्ट. म्हातारी म्हणाली, ‘‘काढ की रं लेकरा.’’ काढला. मग मुलगा म्हणाला, ‘‘पाठिवणार नव्हं?’’

पाठवतो म्हणालो.

नंबर घ्यायला फोन काढला, तर भंडाऱ्याच्या बोटांना तो दाद देईना. मुलाने कुणाकडून तरी पेन घेतलं आणि स्वतःच्या तळहातावर नंबर लिहिला. मी म्हटलं, थांबा, याचाच फोटो काढतो. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा फार खूश होतो.

घरी मोठा करून बघितला. तळहात स्वच्छ, नऊ आकडे स्वच्छ, आणि सहाव्या आकड्यावर भंडाऱ्याचा ठिपका. १ असेल नाहीतर ९. खालचा दांडा दिसतो, वरची गाठ कुठल्या बाजूला वळलीय ते दिसत नाही.

म्हणजे दोनच नंबर. १ लावून पाहिला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका बाईंनी तीन भाषांत सांगितलं. ९ लावला. एका गृहस्थांनी उचलला. नांदेडकडचे निघाले. जेजुरीला कधी आलेच नव्हते. ‘‘आमचा खंडोबा माळेगावचा हाय ना,’’ म्हणाले. मग माळेगावची यात्रा, तिथला घोड्यांचा बाजार, यंदाचा पाऊस, सोयाबीन, असं वीस मिनिटं झाल्यावर म्हणाले, ‘‘मग मलाच पाठवा की. बघतो कोणी वळखीचं हाय का.’’ मी पालखीचा एक बरा फोटो पाठवला. त्यांनी पाच पिवळी फुलं आणि ‘जय मल्हार’ पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘ती माणसं?’

ती पाठवली नाहीत. परक्याला कशी पाठवायची? अर्थात, पुन्हा बघितल्यावर तो आकडा १ नाही, ९ नाही, ७ असावा असंही वाटायला लागलंय. ७ लावून पाहिलेला नाही.

टूथपिक टाकून दिली. खाचेत अजून थोडा भंडारा आहे, तो राहू दे. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगू काय आहे ते. किंमत कमी करणार नाही.